पागमाच्या आधी निघालेली पिशवी

पागमाला मी फारसा ओळखत नव्हतो. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्याची फसगत व्हायला नको. शाळेच्या वर्धापनदिनाचं पुस्तक निघतंय. त्यात शिक्षकांवर लिहायला पुष्कळ माणसं मिळाली, पण भट्टीवाल्या पागमावर लिहायला कोणी मिळेना, तेव्हा मुख्याध्यापिका माझ्याकडे आल्या. नावापुढे मानाचं गुआइ लावून म्हणाल्या, "दमदिन-गुआइ, तुमच्याच गाडीतून ती शहरात औषधाला जायची. तुमच्याइतकी ती कोणाला ठाऊक असणार?"

मी म्हटलं, बघतो.

गाडीत शेजारी बसलेलं माणूस एकाच बाजूने दिसतं. माझी व्हॅन जुनी जपानी, स्टिअरिंग उजवीकडे. त्यामुळे पागमाचा उजवा गाल, उजवा कान आणि डोक्याचा रुमाल मला चांगला ठाऊक आहे. डाव्या गालावर तीळ होता असं तिची सून देजिद म्हणते. मी पाहिला नाही. तिचा नवरा कसा होता, तो कधी गेला, ती रात्री कशाने जागी राहायची, यातलं काही मला सांगता येणार नाही. मी कधी विचारलं नाही आणि तिनेही कधी सांगितलं नाही. अशा माणसाने लिहावं की नाही, कोण जाणे. पण कबूल करून बसलो आहे.

ती शाळेच्या वसतिगृहाची भट्टी सांभाळायची. आमच्याकडे गुराख्यांची मुलं थंडी संपेपर्यंत वसतिगृहात राहतात आणि बाहेर थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते. भट्टी विझली तर नळ्या फुटतात आणि मग शाळाच बंद. पागमा असताना नळी फुटल्याचं मला आठवत नाही. पहाटे उठायला आळस करणाऱ्या मुलांसाठी ती फावड्याने नळीवर ठणाठणा वाजवायची. तो आवाज नळ्यांतून सगळ्या खोल्यांत पोचायचा. एकदा गणिताच्या मास्तरांनी तक्रार केली की या गोंगाटात शिकवता येत नाही. ती म्हणाली, "मास्तर, तुमचं शिकवणं गार पडलं तर पोरं झोपतील. माझी नळी गार पडली तर उठायचीच नाहीत."

हातांच्या रेषांत कोळसा बसला होता. सणाला ती साबणाने, राखेने, दह्याच्या पाण्याने हात घासायची, तरी रेषा काळ्याच राहायच्या. निवृत्त झाल्यावरही त्या तशाच होत्या.

आणि मग एका शरद ऋतूत तिचा डगला सैल झाला आणि पोट मात्र घट्ट. मुलगा तिला उलानबातरला घेऊन गेला. यकृतात गाठ होती, वाढलेली, कापून काढण्याच्या पलीकडची. मुलाने आईला सांगितलं की पित्त झालंय. आमच्याकडे असंच सांगतात. यकृताच्या दुखण्याने घरातलं एखादं तरी माणूस गेलं नाही असं घर आमच्या गावात शोधावं लागेल, त्यामुळे पित्त म्हटलं की सगळ्यांना कळतं, आणि सगळे पित्त म्हणत राहतात.

पण रुग्णालयात डॉक्टर अरियूना होती. चाळिशीची बाई, डोळ्यांखाली कायम काळं. तिने मुलाला बाहेर बसवलं. तिथे एका नव्या उपचाराची चाचणी चालू होती आणि ज्याला आपलं दुखणं ठाऊक नाही त्याला तिच्यात घेता येत नाही, असा नियम होता. पागमाने मला हे पहिल्याच खेपेला सांगितलं.

"डॉक्टरीण म्हणाली, पागमा-गुआइ, एक वाईट गोष्ट सांगायची आहे. मी म्हटलं, पित्त ना? तर म्हणे, नाही. मी म्हटलं, मला ठाऊक आहे गं, माझ्या पोराला सांगू नकोस, त्याला वाटतंय मला ठाऊक नाही."

"मग?"

"मग काय. लहानपणी एकाच सुईने अख्खी शाळा टोचली होती आमची. रांगेत माझ्या पुढे जी होती ती गेली, मागची गेली. मी मधली. माझा नंबर चुकून उशिरा लागला, एवढंच."

चाचणी अशी होती. दोन औषधं शिरेतून, ती सगळ्यांना. एक अंगातल्या झोपलेल्या शिपायांना उठवणारं, दुसरं गाठीला रक्त पोचवणाऱ्या वाटा तोडणारं. त्यांच्या जोडीला रोज घ्यायची गोळी. ही गोळी निम्म्यांना खरी मिळायची, निम्म्यांना तशीच दिसणारी पण आत काही नसलेली. कोणाला कुठली, हे दूर कुठल्यातरी यंत्राने ठरवलेलं. डॉक्टरांनाही ठाऊक नसायचं.

"डॉक्टरीण म्हणते, दोन घोडे गाडी ओढतात हे आम्हाला कळलंय," पागमाने सांगितलं. "तिसरा जुंपला तर गाडी पुढे जाते की मोडते, ते बघायचंय."

"आणि गाडी कोण?"

"तू हाक, गप्प बस."

दर तिसऱ्या आठवड्याला एक खेप, असं आमचं ठरलं. पहाटे निघायचं, अर्वाइखेरला डिझेल, लूनला पुलाजवळच्या खानावळीत मिठाचा चहा, अंधार पडता पडता शहर. दुसऱ्या दिवशी ती रुग्णालयात, मी बाजारात गाडी भरत. तिसऱ्या दिवशी परत. मागच्या बाकांवर माणसं, कांद्याची पोती, कोणाची तरी शिलाई मशीन. पुढे पागमा. जाताना ती बोलायची. येताना खिडकीला डोकं लावून बसायची, उतरताना दोन्ही हातांनी दरवाजा धरायची. मलाही तो रस्ता तेव्हापासून लांब वाटायला लागला. त्याआधी कित्येक वर्षं मी तो तसाच चालवत होतो आणि कधी लांब वाटला नव्हता.

रुग्णालयात सलाईनच्या खोलीबाहेर बाकं होती. तिथे चाचणीतली माणसं बसायची आणि एकच विषय, कोणाला खरी गोळी आणि कोणाला खडू. खडू हे नाव पागमानेच ठेवलं होतं. हेन्तीकडचा लोदोई नावाचा घोडेवाला होता, मोठा हसरा माणूस. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की खरी गोळी असली की तळहात-तळपाय सोलवटतात. झालं. जो येईल त्याला तो म्हणायचा, "हात दाखव."

पागमाने दाखवले. तळहातांना भेगा पडल्या होत्या, अंगठ्याखाली कातडी निघालेली.

"तुला खरी आहे," लोदोई म्हणाला.

"कसली खरी. जन्मभर फावडं धरलंय, घोडेवाल्या. माझे हात गोळीच्या आधीपासून असेच आहेत. तुझे दाखव."

त्याचे हात लगामाने घट्टे पडलेले, पण धड होते. तो त्यांच्याकडे बराच वेळ बघत बसला. पागमा म्हणाली, "दोघांनाही खडूच आहे. शाळेतून चोरून आणला असेल. माझ्या शाळेतून." तेव्हा तो हसला.

तिचा खरंच तसा समज होता. भूक गेली, मटणाला लोखंडाची चव यायला लागली, घशातून आवाज निघेना, पायांत कापडी तुकडे गुंडाळून बूट घालायला लागले, तरी ती म्हणायची, दुखणं वाढतंय, वय झालंय, कोळसा अंगात मुरलाय. गोळी मात्र रोज न चुकता घ्यायची. मी एकदा विचारलं, खडू आहे तर घेतेस कशाला? म्हणाली, "डॉक्टरिणीला शब्द दिलाय. आणि खडूला काय कष्ट पडतात गिळायला?"

आता पिशवीचं सांगतो.

लामांना विचारल्याशिवाय पागमा प्रवासाला निघत नसे. डॉक्टरांचा दिवस ठरलेला आणि लामांचं पंचांग वेगळं, त्यांचं जमायचंच असं नाही. दिवस वाईट निघाला की आमच्याकडे तोड आहे, तिला आम्ही वाट काढणं म्हणतो. आधीच्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू घरातून बाहेर, जायच्या दिशेने पाठवायची. म्हणजे आपण निघालोच. मग खरं निघणं वाईट दिवशी झालं तरी ते नुसतं पुढे चालणं असतं. शेजाऱ्याच्या गेरपर्यंत, म्हणजे त्याच्या तंबूघरापर्यंत, डगला पाठवला तरी पुरतं. पागमा माझ्या गाडीतून पाठवायची. मी शहरात मुक्कामाला जिथे उतरायचो तिथे तिची पिशवी ठेवायचो, परत गावी यायचो, आणि मग पुढच्या खेपेला ती स्वतः.

त्या एप्रिलमध्ये लामांनी पंचांग पाहून मान हलवली. म्हणाले, दिवस फारच वाईट, नुसत्या डगल्याने भागणार नाही. जिच्यावाचून तुझं अडतं अशी वस्तू पाठव.

मी गाडी घेऊन दारात गेलो तेव्हा सासू-सुनेचं चाललं होतं.

"आई, वाटी पाठवा. चांदीची. रोज त्यातच चहा पिता," देजिद म्हणत होती.

"वाटीवाचून अडतं होय? उद्या तुझ्या मगात पिईन." पागमाने उशाखालून गोळ्यांचा डबा काढला आणि पिशवीत टाकला. "ही घे. हिच्यावाचून अडतं असं सगळेच म्हणतात."

"आई! गोळ्या कशा पाठवता?"

"दमदिन परवा परत येतो, मग मी निघतेच. चार दिवस खडू नाही खाल्ला तर काय होतंय? का रे दमदिन?"

मी म्हटलं, मला काय कळतं. मला खरंच कळत नव्हतं.

देजिद रागावली, पण गाडी सुटताना तिने रीतीप्रमाणे मागे दुधाचा शिडकावा केला. पागमा दारातून ओरडली, "पिशवीचा प्रवास सुखाचा होवो!" मागच्या बाकावरची माणसं हसली.

मी शहरात पोचलो आणि वादळ आलं. आधी माती, मग बर्फ, एक दिवस उसंत आणि पुन्हा बर्फ. शहराबाहेरच्या नाक्यावर पोलिसांनी आडवं लाकूड टाकलं. ते उचललं तोवर आमच्या गावाकडचा कच्चा रस्ता बुजला होता. माणसं कळपासकट अडकली, कितीतरी जनावरं उभ्याउभ्या गेली. परवाचा तेरवा झाला आणि मग आठवडा उलटला. फोन लागेल तेव्हा पागमाच बोलायची.

"पिशवी कशी आहे?"

"आहे. खिडकीत ठेवलीय."

"तिला म्हणावं, माझ्या वाटणीचं शहर बघून घे."

"ताई, गोळ्यांचं काय करायचं? डॉक्टरांना विचारू?"

"विचार. पण माझा आवाज ऐकतोस ना? परत आलाय." खरंच, आवाज मोकळा झाला होता. मी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर अरियूना म्हणाली, घाबरू नका, रस्ता उघडला की त्यांना घेऊन या.

दहा-बारा दिवसांनी रस्ता उघडला, तेव्हा मी गावी गेलो. पागमा गेरच्या मागे बसून गाय पिळत होती. सगळा हिवाळा तिने धारेला हात लावला नव्हता, भेगांत दूध गेलं की डोळ्यांत पाणी यायचं म्हणून देजिदच पिळायची. मला पाहूनही तिने आचळ सोडलं नाही. आत तिने माझ्यासमोर मटणाचा चरबीचा तुकडा खाल्ला, पुन्हा घेतला, हाड फोडून आतला मगज खाल्ला. देजिद माझ्याकडे बघून नुसती हसत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. लामांनी ज्या दिवसाला नावं ठेवली होती तो कधीच मागे पडला होता. लूनच्या अलीकडे पागमाने हातमोजे काढले आणि दोन्ही तळहात पुढे, काचेखाली ऊन पडलं होतं तिथे उताणे ठेवले.

"दमदिन, बघ."

मी रस्त्यावरून एकदाच नजर काढली. कोवळी, गुलाबी कातडी. भेगा नव्हत्या. कोळशाच्या रेषाही नव्हत्या. जुन्या कातडीबरोबर त्या निघून गेल्या होत्या.

"बरे झाले की," मी म्हटलं.

"हो ना. कशाने बरे झाले?"

मी पुन्हा रस्त्याकडे पाहिलं.

"खडू बंद केल्याने हात बरे होतात का रे? भूक लागते? आवाज परत येतो?"

समोरून ट्रक आले, बर्फात मेलेली जनावरं भरून नेणारे. ते गेल्यावर ती म्हणाली, "म्हणजे खरी होती."

"चांगलंच की, ताई. लोक देवाला नवस करतात खरी मिळावी म्हणून."

"हं," ती म्हणाली. "मग आता मला ती खावी लागणार."

रुग्णालयात पिशवी घेऊन मीही आत गेलो, कारण डॉक्टरांना मी फोन केला होता आणि मला वाटलं आपल्यालाही काही विचारतील. डॉक्टर अरियूनाने पिशवीची गोष्ट ऐकली. आधी तिला हसू आलं, मग तिने कपाळ चोळलं.

"पागमा-गुआइ, माझी आईसुद्धा डगला पाठवते. डगला पाठवायचा. औषध नाही."

"चुकलं. पण त्यामुळे मला कळलं मी काय खात होते ते."

डॉक्टरने हात वर केला. "मला सांगू नका."

"का?"

"मी तुमचा फोटो बघते, गाठ मोजते. तुम्ही काय घेताय ते मला कळलं तर माझी नजर बदलेल. मला वाटत राहील की गाठ लहान दिसायला हवी. असं सगळ्यांचंच झालं तर तीन घोड्यांचं काय झालं ते कोणालाच कधी कळणार नाही. हात दुखत होते, आता बरे आहेत, एवढं मी लिहीन. बाकी तुमचं तुमच्यापाशी."

त्या दिवशी फोटो निघाला. गाठ वाढली नव्हती. किंचित आत आली होती, म्हणाली.

"आता मी काय करू?" पागमाने विचारलं.

"गोळीचं प्रमाण कमी करता येईल. गोळी सोडून नुसतं शिरेतलं चालू ठेवता येईल. सगळंच सोडलंत तरी कोणी रागावणार नाही. पहिल्याच दिवशी सांगितलंय तसं."

"तू माझ्या जागी असतीस तर?"

"मी तुमच्या जागी नाही, पागमा-गुआइ." ती अगदी हळू बोलली. मला वाटतं ती त्या दिवशी फार दमलेली होती.

बाहेर बाकावर लोदोई बसला होता. थंडीत तो चांगला भरलेला होता, आता डगल्याच्या आत हरवला होता. हात तेवढे धड. "दाखव," तो सवयीने म्हणाला. पागमाने हात बाहीत ओढून घेतले. म्हणाली, "काय बघायचंय, म्हातारीचे हात." पुढच्या खेपेला तो नव्हता. त्याच्या पुढच्याही नाही. बाकावर कोणी काही विचारलं नाही.

पागमाने गोळी पुन्हा सुरू केली, प्रमाण थोडं कमी करून. घरात मुलगा म्हणाला, "आई, लोकांना खडू मिळतो, तुला खरी मिळालीय, आणि तू तोंड वाकडं करतेस?" हे तिने मला येतानाच्या प्रवासात सांगितलं, जेव्हा ती एरवी बोलत नसे.

"त्याचं बरोबर आहे. लोदोईला नाही मिळाली, मला मिळाली. टाकून कशी देऊ? पण दमदिन, खडू होता तेव्हा बरं होतं. गिळायचा आणि विसरायचं. हात दुखले तर कोळशाला शिव्या घालायच्या. आता रोज सकाळी डबा उघडला की मला ठरवावं लागतं. रोज. थकायला होतं रे."

मी गाडीचा हीटर वाढवला.

उन्हाळा आला. हात पुन्हा सोलवटले. कमी प्रमाणातही ते व्हायचंच होतं. देजिद तिच्या तळहातांना लोणी चोळून सुती मोजे चढवायची. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे दिवस होते. गावात जिथे जाईल तिथे वाडगा पुढे यायचा. त्याला थोडी नशा असते, म्हणून यकृतवाल्यांना ते बंद. ती वाडगा दोन्ही हातांनी घ्यायची, मोज्याचं टोक दुधात बुडवून ओठाला लावायची आणि परत द्यायची. शेजारचा त्सेवेग चिडवायचा, "काय पागमा, शहरात जाऊन राणीसाहेब झालात? मोजे घालून पाहुणचार घेता?" ती म्हणायची, "हो, तुझ्या वाडग्याला कोण उघडा हात लावणार?" घरी आल्यावर मात्र ती सरळ आडवी व्हायची. मी एकदा सामान द्यायला गेलो तर दुपारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाहेर गाय हंबरत होती, देजिद गवताला गेलेली. पागमा म्हणाली, "ऐकतोस ना? मला हाक मारतेय. आणि मी मोजे घालून पडलेय."

शरदात, पहिलं बर्फ पडायच्या आधी, एका खेपेला ती गाडीत बसली ती हातमोज्यांशिवाय. मी हातांकडे पाहिलं. ते बरे होत होते.

"बंद केलीस?"

"लपवणार नाही. डॉक्टरिणीला तोंडावर सांगणार आहे."

"पोराला?"

"सांगितलं. तो रडला. मग गाय धरून ठेवली त्याने माझ्यासाठी, मी पिळली." थोड्या वेळाने ती म्हणाली, "तिसऱ्या घोड्याने गाडी ओढली, दमदिन. मी बघितलंय. त्यांच्या हिशेबात ते लागेलच. पण गाडी घेऊन जायचं कुठे, ते कोणी विचारत नाही. मला घरी जायचंय."

डॉक्टरने गोळ्यांचा डबा परत घेतला. उरलेल्या मोजल्या नाहीत, तशाच बाजूला ठेवल्या. शिरेतलं औषध अजून चालू ठेवता येईल, म्हणाली, त्याला या म्हणजे झालं. पागमा एकदा गेली. त्यानंतर रस्त्याचा त्रास होतो म्हणून गेली नाही. डॉक्टर अरियूना फोन करायची, पोटात पाणी भरलं तर काय करायचं ते देजिदला समजावून सांगायची. एकदा तिने मलाही फोन केला. पागमा-गुआइ जेवतात का, विचारलं. मी म्हटलं, जेवतात. ती म्हणाली, बरं, आणि फोन तसाच कानाला धरून राहिली. मीही.

चाचणीचं पुढे काय झालं, तीन औषधं दोनांपेक्षा बरी ठरली की नाही, हे मला ठाऊक नाही. निकाल लागायला वर्षं जातात म्हणे. मी आता शहराकडे गाडी नेत नाही.

पागमा चांद्र नववर्षाच्या आधी गेली, घरी, दिवसा. मी तेव्हा अर्वाइखेरला होतो. मला ते दोन दिवसांनी कळलं. गोळी चालू ठेवली असती तर आणखी किती राहिली असती, असं तिचा मुलगा मला विचारतो. त्सेवेगलाही विचारतो, लामांनाही. मी म्हणतो, मला सांगता येत नाही. त्या हिवाळ्यात ती रोज सकाळी स्वतःच्या हाताने चहा करायची, पीठ मळायची, गाय आटेपर्यंत पिळायची, एवढं देजिद सांगते. तेही मी पाहिलेलं नाही. सांगितलेलं लिहितोय.

मी तिला शेवटचं पाहिलं ते नोव्हेंबरात. शहरातून आणलेलं सामान द्यायला मी तिच्या दाराशी थांबलो. ती आत चुलीपाशी बसून मटण भरून उकडायच्या बूझसाठी पीठ मळत होती, कोपरापर्यंत पिठात, तोंड पिवळं पडलेलं. मला पाहून उठली नाही. मी दारातच उभा राहिलो, कारण बुटांना बर्फ होतं.

"कांदा आणलास?" तिने विचारलं.

"आणलाय. वाटेत थोडा गोठला."

"मग बाहेरच राहू दे. आत आणलास की पाणी सुटतं."

"बरं," मी म्हटलं.